मॅन्युअल परफॉर्मन्स गाडीच्या क्लचचा आवाज: गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी करायच्या तपासण्या

क्लचमधून आवाज येऊ लागला की बहुतेक गॅरेजमध्ये पहिले निदान ठरलेले असते: 'क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट टाकावा लागेल.' हे निदान कधी बरोबरही निघते. परंतु घासून संपलेली क्लच प्लेट सहसा आवाज करत नाही, ती निमूटपणे घसरते. आवाज करतात ती बेअरिंगे, स्प्रिंगा, पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणाऱ्या फोर्कचा सांधा, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले, मध्ये स्प्रिंगा असलेले दोन भागांचे जड चाक) आणि पुष्कळदा क्लचशी काडीचाही संबंध नसलेले भाग. क्लचच्या कामात खर्चाचा मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून गाडी घोडीवर चढण्याआधी मालकाने स्वतः तास-दीड तास देऊन आवाज पारखून घेणे सर्वस्वी फायद्याचे ठरते.

पुण्यात हे प्रश्न अधिक येतात, याला कारण आहे. हिंजवडीकडे जाणारी संध्याकाळची रांग, नवले पुलाजवळची कोंडी किंवा सिंहगड रस्त्यावरचे मुंगीच्या पावलाने सरकणे, या सगळ्यांत क्लच दिवसभर अर्धवट दाबलेल्या अवस्थेत राहतो. रविवारी हीच गाडी ताम्हिणी किंवा वरंधा घाटात जोरात चालवली जाते. चाकणला तयार होणारी १५० पीएसची व्हर्टस १.५ टीएसआय असो किंवा २०१५ मध्ये रांजणगावहून बाहेर पडलेली १४५ बीएचपीची अबार्थ पुंटो असो, टर्बो इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कमी फेऱ्यांवरच (आरपीएम) येतो आणि हाफ क्लचच्या सवयीशी त्याचे जमत नाही.

आवाज नेमका कुठून येतो, हे कानाला लवकर कळत नाही. क्लचभोवतीचे बेल हाउसिंग हे ॲल्युमिनियमचे कवच तो चहूकडे पसरवते आणि केबिनमध्ये तो पेडलमधून, गिअर लिव्हरमधून, फरशीतून असा तिन्ही वाटांनी पोहोचतो. आवाज कधी सुरू होतो आणि कधी थांबतो, हे मात्र डाव्या पायाला अचूक कळते. निदानाचा सारा भार म्हणून त्यावरच ठेवावा.

केव्हा काय फिरते

इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय पेडलवरून पूर्ण उचललेला असेल, तेव्हा फ्लायव्हील, क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि इंजिनाची फिरकी आत नेणारा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट हे सगळे एकत्र फिरतात. इनपुट शाफ्टमुळे गिअरबॉक्सच्या आतले काही दातेही फिरत राहतात. पेडल पूर्ण दाबले की क्लच प्लेट मोकळी होते, इनपुट शाफ्ट काही सेकंदांत मंदावून थांबतो आणि त्याच वेळी क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर प्रेशर प्लेटमधल्या डायफ्रॅम स्प्रिंगचा पूर्ण भार येतो. म्हणजे पेडल वर असताना राबतात ते गिअरबॉक्सचे भाग, आणि पेडल खाली असताना राबते ते रिलीज बेअरिंग.

यात पायलट बेअरिंग हा एक वेगळा भाग ध्यानात ठेवावा लागतो. क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकात बसून इनपुट शाफ्टचे पुढचे टोक सांभाळणारे हे छोटे बेअरिंग पेडल वर असताना स्वस्थ असते, कारण त्याच्या आतला आणि बाहेरचा भाग एकाच गतीने फिरतो. पेडल दाबल्यावर शाफ्ट थांबतो, क्रँक फिरत राहतो आणि बेअरिंगचे काम तेव्हा सुरू होते. इंजिन लांबीच्या दिशेने बसवून मागची चाके फिरवणाऱ्या गाड्यांत ते बहुधा असते. आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ते नसते. आपल्या गाडीत जो भागच नाही तो बदलण्याचे बिल येऊ नये, एवढ्यासाठी तरी ही माहिती आधी करून घ्यावी.

आधी तोतयांना बाजूला करावे

तपासणी मोकळ्या जागेत करावी. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आवाज छतावर आणि खांबांवर आपटून दुप्पट होतो, शिवाय बंद जागेत इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. हँडब्रेक लावावा, चाके सरकू नयेत म्हणून त्यांना दगडाची किंवा लाकडाची ओट द्यावी आणि बॉनेट उघडे असताना सैल कपडे व हात पट्ट्यांपासून लांब ठेवावेत.

इंजिन गरम झाल्यावर एसी बंद करून पाहावे, मग चालू करून पाहावे. एसीबरोबर आवाज बदलला तर संशय कॉम्प्रेसर, पट्टा किंवा तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर जातो. सायलेन्सरच्या पाइपावरचे उष्णतारोधक पत्रे सैल झाले की ठराविक फेऱ्यांवर असा खणखणाट करतात की भलेभले फसतात. गाडी थंड असताना ते हाताने हलवून पाहावेत. इंजिनाचे माउंट (रबरी आधार) फाटले असेल, तर गाडी जागेवरून हलताना एकच 'धप्प' होते आणि क्लच सोडताना गाडी थरथरते. हा दोष क्लचच्या माथी सर्रास मारला जातो.

इंजिन बंद ठेवून पेडल

ही तपासणी बहुतेक जण गाळतात, आणि तीच सर्वात स्वस्त आहे. इंजिन बंद ठेवून, खिडक्या लावून पेडल सावकाश खालपर्यंत दाबावे आणि तितक्याच सावकाश सोडावे. इंजिन बंद असतानाही 'कुंई' किंवा 'किर्र' ऐकू आले, तर फिरणारे एकही बेअरिंग दोषी नाही. मग उरतात पेडलच्या पिनीचे बुश, पेडलची परत आणणारी स्प्रिंग, पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा दांडा, केबल असल्यास केबल आणि बेल हाउसिंगमधला फोर्कचा टेकू. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने आधी पेडलच्या मुळाशी, मग बॉनेटखाली बेल हाउसिंगजवळ कान द्यावा. पेडलच्या बुशला थोडे ग्रीस लागले की प्रश्न मिटतो. फोर्कचा टेकू कोरडा असेल तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय नीट इलाज होत नाही. मात्र नुसत्या कुरकुरीसाठी तो लगेच उतरवण्याची गरज नाही, पुढच्या क्लच कामाच्या वेळी तो साफ करून घेता येतो. फोर्कवरच्या रबरी बुटातून (आवरणातून) आत तेलाचा स्प्रे मारण्याचा उपाय सुचवला जातो. तो अजिबात करू नये. ते तेल क्लच प्लेटवर उडाले की कुरकुरीच्या जागी घसरणारा क्लच पदरी पडतो.

इंजिन चालू ठेवून पेडलच्या चार अवस्था

गाडी गरम, न्यूट्रलमध्ये, एसी आणि पंखा बंद. आता पेडल चार टप्प्यांत हाताळायचे आणि प्रत्येक टप्प्यावर काही सेकंद थांबायचे. घाई केली तर दोन टप्पे एकमेकांत मिसळतात आणि निदान चुकते.

पहिला टप्पा म्हणजे पाय पूर्ण उचललेला. या अवस्थेत आवाज येत असेल तर त्याची जात ओळखावी. सलग 'घूं' किंवा खरखर असेल आणि फेऱ्या वाढवताच तिचा सूर चढत असेल, तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग किंवा रिलीज बेअरिंग यांपैकी एक. सुटा सुटा खडखडाट असेल आणि फेऱ्या आयडलवरून (ॲक्सिलरेटर न दाबतानाच्या गतीवरून) १,२०० ते १,५०० पर्यंत नेताच तो विरत असेल, तर ती गिअरबॉक्समधल्या मोकळ्या दात्यांची खडखड. तिचे मूळ क्लच प्लेटच्या स्प्रिंगांत, फ्लायव्हीलमध्ये किंवा गाडीच्या रचनेत असू शकते.

दुसरा टप्पा सर्वात मोलाचा आहे. पेडलवर फक्त पायाचे वजन टेकवावे, क्लच सुटू देऊ नये. एवढ्यानेच आवाज बंद झाला किंवा बदलला, तर इनपुट शाफ्टचा त्यात हात नाही, कारण तो अजून पूर्ववत फिरतोच आहे. बदलले ते इतकेच की सैल फोर्क किंवा हलका टेकलेले रिलीज बेअरिंग जागेवर दाबले गेले. उलट, शांत असलेली गाडी या हलक्या दाबाने खरखरू लागली, तर रिलीज बेअरिंग भार सोसत नाही असे समजावे.

तिसऱ्या टप्प्यात क्लच सुटण्याच्या बिंदूपर्यंत आणि किंचित पुढे जावे. पहिल्या टप्प्यातली 'घूं' पायाच्या हलक्या दाबाने थांबली नव्हती, पण क्लच सुटल्यावर दोन-तीन सेकंदांत मंदावत थांबली, तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग किंवा गिअरबॉक्समधले तेल, या दोहोंकडे वळावे. बेअरिंगचा निवाडा करण्याआधी तेलाची पातळी पाहावी. तेल काढल्यावर त्यात पितळी चमक दिसली तर ती बहुधा गिअर अलगद जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगांची झीज असते. लोखंडी कपच्या दिसल्या तर बेअरिंग किंवा दात्यांची हानी झालेली असते आणि मग गाडी पुढे न चालवणेच शहाणपणाचे.

चौथा टप्पा म्हणजे पेडल पूर्ण खाली. दाब वाढेल तशी वाढत जाणारी खरखर पुन्हा रिलीज बेअरिंगकडेच बोट दाखवते. दाबाच्या सुरुवातीला काहीच नाही, पण क्लच सुटल्यावरच चिरका आवाज येतो आणि गाडी जागेवर उभी असताना पहिला गिअर टाकून ठेवल्यास तो सर्वात मोठा होतो, अशी खूण असेल तर पायलट बेअरिंग. गिअर टाकल्याने इनपुट शाफ्ट जखडला जातो आणि क्रँक मात्र फिरत राहतो. गिअर टाकताना समोर कोणी उभे नाही आणि उजवा पाय ब्रेकवर आहे, याची खात्री करावी.

याच टप्प्यावर टॅकोमीटरकडेही नजर ठेवावी. पेडल पूर्ण दाबताच फेऱ्या लक्षणीय पडत असतील किंवा इंजिनाच्या पुढच्या बाजूने बोदा ठोका येत असेल, तर क्रँकशाफ्टचे पुढे-मागे सरकणे रोखणाऱ्या थ्रस्ट वॉशरची शंका घ्यावी. क्लच दाबताना क्रँक लांबीच्या दिशेने ढकलला जातो. अधिक ताकदीची प्रेशर प्लेट बसवलेल्या गाडीत हा भार आणखी वाढतो. क्रँकची पुढे-मागे मोकळीक पुलीवर डायल गेज लावून मोजता येते आणि कंपनीच्या मर्यादेशी ताडता येते. हा दोष विरळा आहे. पण तो असताना नवा क्लच टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

जे आवाज दोष नसतात

परफॉर्मन्स गाडीत निदान बिघडते ते इथे. ड्युअल मास फ्लायव्हील काढून हलके, एकसंध फ्लायव्हील बसवले की इंजिनाचे धक्के शोषणारा मधला दुवा जातो आणि आयडलवर गिअरबॉक्स खडखडू लागतो. पेडल दाबले की ही खडखड थांबते, आणि नेमक्या याच लक्षणावरून 'बेअरिंग गेले' असे सांगितले जाते. स्प्रिंगा नसलेली किंवा सिरॅमिक तुकड्यांची क्लच प्लेट असेल तर खडखड आणखी मोठी, आणि गाडी जागेवरून हलताना थरथरही येते. दुहेरी प्लेटच्या क्लचचे वागणे उलटे: पेडल दाबल्यावर मधली तरंगती प्लेट सुटी होऊन खुळखुळते. वापरलेली गाडी घेणाऱ्याने आधीच्या मालकाकडून या बदलांची बिले मागून घ्यावीत, कारण बाहेरून यातले काहीच दिसत नाही.

माझे मत विचाराल तर रोज कोथरूडहून खराडीला जाणाऱ्या गाडीत एकसंध फ्लायव्हील बसवू नये. पिकअपमध्ये जो फरक पडतो तो वाहतुकीच्या कोंडीत कामाला येत नाही; खडखड मात्र प्रत्येक सिग्नलला सोबत करते.

मूळचे ड्युअल मास फ्लायव्हील झिजले की त्याची लक्षणे वेगळी असतात. इंजिन बंद करताना किंवा सुरू होताना खणखण होते, कारण आयडलच्या खालच्या फेऱ्यांतून जाताना सैल झालेल्या आतल्या स्प्रिंगा आपटतात. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १,३०० च्या आसपास फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबला की फरशीखालून घरघर येते. ही चाचणी दोन-तीन सेकंदांपुरतीच करावी.

रस्त्यावरची चाचणी

पहाटेची वेळ, मोकळा रस्ता आणि एका बाजूला लांब कंपाउंडची भिंत असेल तर उत्तम. डावीकडची काच खाली केली की भिंतीवरून परतणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. कात्रजचा जुना घाट भार देऊन पाहायला सोयीचा वाटतो, पण वळणावर कान क्लचकडे आणि डोळे रस्त्याकडे ठेवणे जमत नाही, म्हणून सोबत एक जण घ्यावा आणि नोंदी त्याने कराव्यात.

चौथ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. फेऱ्या चढल्या आणि वेग त्या मानाने चढला नाही, तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नये, प्रत्येक वेळी उरलेली प्लेट जळते. पहिल्या आणि रिव्हर्स अशा दोन्ही गिअरमध्ये क्लच सोडताना थरथर आली, तर फ्लायव्हीलवर तापून पडलेले डाग किंवा प्लेटवर आलेले तेल यांचा विचार करावा. पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिलेली गाडी पहिल्या काही वेळा क्लच सोडताना घासते आणि मग शांत होते. तो फ्लायव्हीलवर चढलेला गंजाचा पातळ थर असतो, त्याची चिंता करू नये.

गिअर टाकतानाची करकर

हा आवाज क्लच पूर्ण न सुटल्याचा असू शकतो. पेडल पूर्ण दाबून न्यूट्रलमध्ये सुमारे १० सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तो निमूट पडला, पण पेडल तसेच दाबून ठेवून थोड्या वेळाने पुन्हा टाकताना करकरला, तर शाफ्ट पुन्हा फिरू लागला आहे. म्हणजे दाब कुठेतरी गळतो आहे. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर सहज पडू लागला तर हायड्रॉलिकमध्ये हवा आहे. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून तेल घेतात. हे तेल हवेतली आर्द्रता ओढते, मग घाटातल्या उष्णतेत त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडते. दोन वर्षांनी ते बदलावे, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच वापरावे, आणि डॉट ४ च्या जागी सिलिकॉनचे डॉट ५ कधीही घालू नये.

बाजारातला क्लच बसवलेल्या गाडीत पेडलच्या अगदी शेवटच्या टप्प्यात धातूचा ठोका येत असेल, तर पेडल गरजेपेक्षा जास्त जाते आहे. डायफ्रॅमची बोटे क्लच प्लेटच्या मधल्या भागावर टेकतात आणि काही काळाने दोन्हींचे नुकसान होते. पेडलखालचा स्टॉपर जुळवून घेणे एवढाच यावर उपाय.

न उघडता जेवढे दिसते तेवढे पाहावे

गाडी लिफ्टवर किंवा भक्कम घोड्यांवर असेल, तर बेल हाउसिंगच्या तळाचे भोक बोटाने पुसावे. इंजिनाचे तेल आले तर क्रँकचे मागचे सील, गिअर ऑइलचा तीव्र वास आला तर इनपुट शाफ्टचे सील, पातळ तेल आले तर तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर. फोर्कचा रबरी बूट बाजूला करून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घातला तर बरेच कळते. फोर्कच्या टेकूखाली विटेच्या रंगाची बारीक भुकटी साचलेली दिसली, तर तिथे लोखंडावर लोखंड कोरडेच घासते आहे. काळी धूळ थोडी असणे स्वाभाविक आहे. कवचाच्या आतल्या बाजूला गोलाकार उडालेले काळे ग्रीस दिसले, तर ड्युअल मास फ्लायव्हीलचे सील फुटले आहे आणि पुढच्या चर्चेची गरज उरत नाही.

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप आधी बेल हाउसिंगच्या इंजिनाकडच्या कडेला, मग गिअरबॉक्सच्या तोंडाशी आणि मग मागच्या टोकाला लावावा, आणि पेडलच्या चारही अवस्था पुन्हा कराव्यात.

गिअरबॉक्स उतरलाच तर

तो उतरतानाच हजर राहावे. रिलीज बेअरिंग हातात घेऊन दाबत फिरवावे. आत वाळू अडकल्यासारखे ते अडखळले तर निकाल लागला. ते पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ देऊ नये, आतले ग्रीस निघून जाते. ज्या नळीवर बेअरिंग सरकते तिच्यावर चरे पडले असतील तर नवे बेअरिंगही महिन्या-दोन महिन्यांत बोलू लागते. डायफ्रॅमची बोटे एका उंचीत आहेत का, प्लेटच्या स्प्रिंगा बोटाने हलतात का, इनपुट शाफ्टचे टोक वर-खाली किती डोलते, फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत का, हे ओळीने पाहावे. ड्युअल मास फ्लायव्हीलची फिरकी मोकळीक आणि डोलणे त्याच्या भाग क्रमांकाच्या मर्यादेशीच ताडावे. डोळ्यांच्या अंदाजाने पास-नापास करू नये, आणि लेथवर घासून आणण्याचा प्रस्ताव नम्रपणे नाकारावा.

एक जागा मी आवर्जून पाहायला सांगेन: इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या डोवेल पिना. आधीच्या कामात त्या हरवलेल्या किंवा वाकलेल्या असल्या, तर दोन्ही अक्ष एका रेषेत बसत नाहीत आणि कितीही नवे बेअरिंग टाकले तरी खरखर परत येते. वर्षभरात दुसऱ्यांदा क्लच सेट टाकण्याची वेळ आली असेल, तर सर्वात आधी इथे टॉर्च मारावा.

एकदा गिअरबॉक्स खाली आला की प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि असल्यास पायलट बेअरिंग एकदमच बदलावे. मजुरी तीच राहते. फ्लायव्हीलचे बोल्ट कंपनीने एकदाच वापरायचे सांगितले असतील तर नवेच घ्यावेत. भाग नाना पेठेतून आणायचे असतील तर आधी चासी क्रमांकावरून भाग क्रमांक काढून घ्यावा आणि जुना भाग सोबत न्यावा. लूक, साक्स, व्हॅलिओ या क्लच बनवणाऱ्या कंपन्यांच्या खोक्यावरचे नाव पाहून समाधान मानू नये. सील, छपाई आणि भागावर कोरलेला क्रमांक ताडावा. इनपुट शाफ्टच्या खाचांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पुसटसा हात पुरतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत, टॉर्क पान्याने आवळून घ्यावेत.

नव्या क्लचवर पहिले काही शे किलोमीटर शहरातच, जोराच्या लाँचशिवाय काढावेत. किती, ते क्लच बनवणाऱ्याच्या पत्रकात दिलेले असते. या काळात थोडा वास आणि किंचित थरथर चालते. खरखर चालत नाही. ती पहिल्याच दिवशी ऐकू आली, तर 'बसेल हळूहळू' हे उत्तर न स्वीकारता पेडलच्या चारही अवस्था मेकॅनिकला शेजारी बसवून, त्याच्याच समोर करून दाखवाव्यात आणि मजुरीच्या बिलावर तशी नोंद करून घ्यावी.